आईचा गट जुळत नाही

पुणे, गुरुवार

प्रिय सुधे,

तुझे व्हॉइस मेसेज सगळे ऐकले. एकात तर मागे तुमच्या ब्रिस्बेनचे ते कुकाबुरा पक्षी असे खिदळत होते की तू रडतेयस की हसतेयस ते मला दोनदा ऐकून ठरवावं लागलं. उत्तर फोनवर दिलं नाही, कारण फोनवर मी "सगळं ठीक आहे गं" म्हणते, तू "बरं बरं" म्हणतेस आणि आपण दोघी एकमेकींना फसवतो. शिवाय हॉस्पिटलमागची ही खोली म्हणजे एकच खोली. पडद्यापलीकडे सूनबाई असते, तिच्यादेखत मोकळं बोलता येत नाही. कागदावर मात्र मला वाट्टेल तेवढं बोलता येतं. विलिंग्डन कॉलेजच्या शेवटच्या बाकावरची सवय.

तर नातीचं लिव्हर ट्रान्सप्लांटचं ऑपरेशन येत्या मंगळवारी ठरलंय. आज तरी ठरलंय. पोरीला नाक वाहण्याएवढी सर्दी झाली तरी तारीख पुढे जाते, म्हणून आम्ही सगळे तोंडाला मास्क लावून तिच्याभोवती चोरासारखे वावरतो.

चिऊ अकरा महिन्यांची झाली. वजन साडेसहा किलो, आणि त्यातही पोटातलं पाणी किती आणि पोर किती, कुणास ठाऊक. म्हणून इथली डाएटिशियन वजनकाट्यावर भरवसा ठेवत नाही, टेपनं दंडाचा घेर मोजते. दंड जरासा भरला की सूनबाईचा दिवस चांगला जातो. नाकात नळी आहे, तिच्यातून दर तीन तासांनी दूध. त्या दुधात खोबरेल तेल घालायचं, कारण साधं तूप-तेल पचायला पित्त लागतं आणि हे तेल पित्ताशिवायही बरंचसं अंगी लागतं. आपण सांगलीकर जन्मभर जे केसांना लावत आलो ते आता बाळाच्या पोटात! वर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वेगळी. आणि सगळ्यात वाईट कावीळ नाही बघ, खाज. पित्त रक्तात साठतं आणि लेकरू रात्रभर अंग ओरबाडतं. हातांना मोजे घातलेत, तर आता कान गादीवर घासते. रात्री दोन वाजता तिला खांद्यावर घेऊन फिरायची पाळी माझी असते. तेव्हा मी तिला सांगलीतल्या सगळ्या गल्ल्यांची नावं ओळीनं सांगते. मारुती रोडपाशी आलो की बहुतेक डोळा लागतो.

तू विचारलं होतंस की हे नेमकं झालं कसं, आमच्या घराण्यात कुणाला होतं का. नाही गं. लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणारी नळी असते ना, ती काही बाळांत जन्माच्या सुमारासच बंद होते. बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. दहा-पंधरा हजार बाळांत एखाद्याला. आईनं काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाहिलं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे वाक्य मी इतक्या जणींना ऐकवलंय की आता मला कुणी नुसतं "गरोदरपणात" म्हटलं की पुढचं मी चालू करते. पित्त आतच तुंबतं आणि लिव्हर कडक होत जातं. थेंबभर दारू न पिता, आयुष्याच्या पहिल्याच वर्षात सिरॉसिस.

ओळखलं कुणी, ते ऐक. आमच्या मालिशवाल्या मावशींनी. नव्या बाळाला कावीळ होतेच, आठ-दहा दिवसांत जातेही. चिऊची रेंगाळली. दाखवलं तिथं सांगितलं, सकाळचं कोवळं ऊन द्या. ऊन दिलं. मावशी मधे महिनाभर गावी गेल्या होत्या. आल्या, पोरीला पायावर घेतलं, लंगोट सोडला आणि थांबल्या. म्हणाल्या, "ताई, अंगावर पिणाऱ्या लेकराची शी पिवळीधमक असती. ही पांढऱ्या मातीगत का?" हातातली तेलाची वाटी तशीच ठेवून त्यांनी आम्हाला मिरजेला पिटाळलं. तिथल्या डॉक्टरांनी डायपर बघितला, सोनोग्राफी केली आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याची चिठ्ठी दिली.

तैवानमध्ये म्हणे २००४ पासून देशभर बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतच शीच्या रंगांचं कार्ड असतं. आई घरी बसून रंग जुळवते, फिका दिसला की फोन करते. आपल्याकडे ते कार्ड म्हणजे आमच्या मावशी, आणि त्या प्रत्येक घरी नसतात. दोन आठवडे उलटूनही कावीळ आहे, शी पांढरी आहे, तर त्याच दिवशी रक्त तपासा, एवढी एक ओळ बाळंतिणीच्या फायलीवर छापायला किती शाई लागेल? मी अजून शाळेत शिकवत असते तर फळ्यावर रोज लिहिली असती.

एवढी घाई कशाला, तर कासाईसाठी. मोरिओ कासाई नावाच्या जपानी सर्जननं १९५०च्या दशकात ही शस्त्रक्रिया बसवली. बंद नळी काढून टाकायची आणि आतड्याचाच एक पदर थेट लिव्हरच्या तोंडाशी आणून शिवायचा. साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहतं होण्याची आशा जास्त. आमची झाली तेव्हा साठ उलटून गेले होते. तरी मधे काही महिने शी हिरवट-पिवळी यायला लागली होती. सूनबाई रोज फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायची आणि मी तिला बदाम पाठवायची. आयुष्यात कधी शीच्या फोटोला बदाम पाठवीन असं वाटलं नव्हतं! मग ताप सुरू झाले. ताप आला की भरती, सलाईनमधून अँटिबायोटिक, घरी, पुन्हा ताप. सातव्या महिन्यात पोट ढोलासारखं फुगलं तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. सुधे, डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली की ओळखावं.

या दरम्यान कावीळ उतरवणाऱ्यांची रांग लागली ते वेगळंच. एक जण माळ घेऊन आला, गळ्यात घातली की वाढत वाढत पायाशी येते आणि कावीळ घेऊन जाते म्हणे. काड्या वाळल्या की गाठी सैलावतात नि माळ लांबते, हे आपल्याकडच्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी शाळाशाळांतून करून दाखवलंय, मी स्वतः माझ्या वर्गात करून घेतलंय. दुसरा हात धुऊन पाणी पिवळं करून दाखवणारा. त्याला मी चहा दिला आणि चुन्याची डबी कुठल्या खिशात आहे ते विचारलं. गेला बिचारा. पण खरं सांगू, नाकात थेंब सोडणारा तिसरा आला तेव्हा मला हसू आलं नाही. तसला थेंब या पोरीला जिवावर बेतला असता.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले. डोनरची.

लहान मुलाला अख्खं लिव्हर लागत नाही. मोठ्या माणसाच्या लिव्हरची डावीकडची एक पाळी, साधारण पाव हिस्सा, पुरते. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा भरून येतं. किडनीसारखी टिश्यूची जुळवाजुळव लागत नाही, रक्तगट जमला, लिव्हर निरोगी असलं, वय बसलं की झालं. हे ऐकल्याबरोबर आमच्या घरात, दारात, जिन्यात, मार्केट यार्डात, प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "मग आई देईलच." कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी गृहीत धरलं. आमच्या वन्सं तर फोनवर म्हणाल्या, "बरं झालं, बंड्याला सुट्टी काढायला नको."

सूनबाईचा गट ए. चिऊचा बी. जुळत नाही. गट न जुळताही अगदी लहान बाळांत ट्रान्सप्लांट करतात, पण दुसरा डोनर घरात असताना कशाला, असं डॉक्टरांचं म्हणणं. रिपोर्ट आला तेव्हा ती काही बोलली नाही. तिनं तो कागद फायलीत लावला, पंच केला, नीट केला, आणि संध्याकाळी मला म्हणाली, "आई, लोकांना सांगताना तुम्ही सांगा. मी सांगितलं की कारण दिल्यासारखं वाटतं."

माझा गट ओ, कुणालाही चालणारा. मी ताठ मानेनं गेले. कायदाही माझ्या बाजूनं. १९९४ला किडनीचा बाजार रोखायला जो कायदा केला त्यात आजी-आजोबा नव्हते, २०११च्या दुरुस्तीत जवळच्या नातेवाइकांत आले. त्या दुरुस्तीची कॉपी मी पर्समध्येच ठेवली होती. तिथली को-ऑर्डिनेटर, पोरगीच गं, तिनं माझं वय लिहून घेतलं, साखरेच्या गोळ्या कोणत्या ते लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. कायद्यानं दिलेलं नातं साखरेनं काढून घेतलं. हे म्हणाले, "माझं बघा की." यांची अँजिओप्लास्टी झालीय, यांना तर फॉर्मही दिला नाही.

राहिला माझा लेक बंड्या. गट बी. सगळं उत्तम, फक्त सीटी स्कॅनमध्ये फॅटी लिव्हर. बापाच्या लिव्हरात एवढी चरबी असेल तर त्याला धोका आणि लेकीला मिळणारा तुकडाही बरोबर काम करणार नाही. डॉक्टर म्हणाले, "आठ-दहा किलो उतरवा, दारू बंद, मग पुन्हा स्कॅन करू. पण हळूहळू नाही, पोरीकडे तेवढा वेळ नाही. आणि उपाशी राहूनही नाही."

तुला बंड्या माहीत आहे. लहानपणी तुझ्या घरी आला की आधी भडंगाचा डबा शोधायचा तो हा. मार्केट यार्डात अडत दुकानात दिवसभर बसून हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या लिहिणार, दोन तासाला एक गोड चहा, शनिवारी मित्रांबरोबर 'बसणार'. तो माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून आयर्विन पुलावरून सांगलवाडीपर्यंत चालायला लागला. जाऊन-येऊन, पुन्हा जाऊन-येऊन. भात बंद, साखर बंद, भडंग बंद. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, काकडी. माझी पंचाईत वेगळीच. त्याच्या ताटात तूप वाढायला हात आपोआप जायचा, म्हणून तुपाची बरणी शेजारी ठेवायला दिली. शनिवारचे मित्र आधी चेष्टा करायचे, मग त्यातले दोघं पुलावर यायला लागले. दीड-दोन महिन्यांत दहा किलो उतरलं. दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी तो इतका घाबरला होता की बारावीच्या निकालाला नव्हता. चरबी गेली होती. डॉक्टरांनी त्याच्याशी हात मिळवला.

आणि मग वन्सं स्वतः सांगलीला आल्या. "कर्त्या मुलाला कापायचं? एकुलता एक. त्याला काही झालं तर?" बघ हं, सुनेची पाळी होती तेव्हा यातला एक शब्द नव्हता. तेव्हा 'आई देईलच.' इथं रिसेप्शनसमोरच्या बाकावर बसून बघितलं ना, सुधे, तर डोनर म्हणून फाइल घेऊन बसलेल्यांत बायका जास्त. बायको नवऱ्याला, आई मुलाला, बहीण भावाला. उलटं असलं की घरात बैठका होतात. मी वन्संना एवढंच म्हटलं, "वन्सं, कर्ती ती पण आहे. दर तीन तासांनी कोण करतंय बघा." त्या रात्री आमच्याकडे राहिल्या, दोन आणि पाचच्या फीडला उठून बसल्या, सकाळी न बोलता चहा केला. जाताना सूनबाईच्या हातात बांगडी ठेवून गेल्या. पैशाला लागली तर, म्हणाल्या.

धोका नाही असं मी म्हणत नाही. देणाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता हजारात एक, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मला हजारातले नऊशे नव्व्याण्णव दिसत नाहीत, एकच दिसतो. पण डॉक्टरांना विचारून झालं, रात्री जागून झालं. आता आणखी जागून तो आकडा लहान होणार नाही.

मग ट्रान्सप्लांटला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे मुलाखत झाली. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, चिऊचा जन्मदाखला, लग्नातले फोटो, सगळं मांडलं. सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. बंड्याला विचारलं, कुणी दबाव आणला का, पैसे घेतलेत का, मधेच नको वाटलं तर नाही म्हणता येतं हे माहीत आहे का. तो म्हणाला, "साहेब, नाही म्हणायला दहा किलो उतरवले नसते." कमिटीतल्या एक बाई हसल्या. मग सूनबाईला विचारलं, यजमानांना काही झालं तर? ती म्हणाली, "मग दोघांचं करीन. आत्ताही करतेच आहे." खोलीत कुणी काही बोललं नाही. मला त्या पोरीचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या लेकाचा नाही वाटला, हे तुझ्याखेरीज कुणाला सांगणार नाही.

उद्या सगळं नीट झालं की पेपरात येईल, 'बापाने दिले लेकीला जीवदान', शेजारी बंड्याचा फोटो. येऊ दे. तो पात्र आहे. पण जिचा गट जुळला नाही तिचं नाव त्या बातमीत शेवटच्या ओळीतही नसेल, हे मी आत्ताच लिहून ठेवते.

आता तुझ्या गावाची गोष्ट. तू इतकी वर्षं ब्रिस्बेनला राहतेस आणि आम्हाला फक्त तिथले आंबे नि पूर सांगतेस! अगं, जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा मुलाला बसवून तो मुलगा जगला, ही जगातली पहिली यशस्वी गोष्ट तुमच्या ब्रिस्बेनची, १९८९ची. रसेल स्ट्राँग नावाचे सर्जन, आणि आई-मूल दोघं जपानहून आलेले. त्याआधी मोठ्या माणसाचं लिव्हर कापून लहान मुलाला बेताचं करायची एक पद्धतही त्यांच्या चमूनं बसवली होती. आमच्या डॉक्टरांना मी म्हटलं, माझी मैत्रीण ब्रिस्बेनला आहे, तर ते एकदम आदरानं बघायला लागले, जणू तूच टाके घातलेस.

त्याच्या मागचं मात्र वाचवत नाही. १९६३ला अमेरिकेत डेन्व्हरला टॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं तो तीन वर्षांचा मुलगा होता, आणि त्याला चिऊचाच आजार होता. टेबलावरच रक्तस्रावानं गेला. त्या आईबापांनी कशाच्या भरवशावर सही केली असेल? आपल्याकडे १९९८ला दिल्लीत पहिलं यशस्वी बालट्रान्सप्लांट झालं, तेही याच आजाराचं, दोन वर्षांच्या आतलं मूल, वडिलांनी दिलेला तुकडा. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. हे कात्रण सूनबाईनं फायलीच्या पहिल्या पानावर लावलंय, रक्तगटाच्या रिपोर्टच्याही आधी.

मंगळवारी असं होईल: दोन थिएटर शेजारी शेजारी. पहाटे आधी बंड्याला नेतील. त्याचं लिव्हर डोळ्यांनी बघून, ठीक आहे म्हटल्यावरच चिऊला भूल देतील. मग इकडे पाळी सोडवत आणायची, तिकडे जुनं लिव्हर काढत आणायचं, दोन्हींचा मेळ घालत. जोडायची जी रक्तवाहिनी असते ती एवढ्या बाळात दोन-तीन मिलिमीटरची. ती भिंगाखाली शिवतात. पहिले काही दिवस तीच गोठण्याची भीती, म्हणून रोज डॉपलर. पित्ताची वाट कासाईतल्या त्या आतड्याच्या पदरालाच जोडतील, म्हणजे ते ऑपरेशन अगदीच वाया गेलं नाही. दिवसभर चालेल. आम्ही दोघी खाली बसू. हे चिऊच्या थोरल्या भावाला सांभाळायला सांगलीतच राहणार आहेत, मीच राहायला लावलंय. यांना बाकावर बसवलं की दर दहा मिनिटांनी "काही कळलं का" विचारतात.

थोरला पाच वर्षांचा. त्याला कळलंय की बाबाचा तुकडा चिऊला देणार आणि तो परत उगवणार. त्यानं आजोबांना विचारलं, "पालीच्या शेपटीसारखा?" हे म्हणाले, हो. आता तो शाळेत सगळ्यांना सांगतो की माझा बाबा पाल आहे. बाईंचा फोन आला होता.

पैशाचं तू विचारू नको म्हटलं तरी विचारणारच. अंदाजपत्रक अठरा लाखांचं, पुढची औषधं वेगळी. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, सिद्धिविनायक आणि दोन-चार ट्रस्ट, असे अर्ज केलेत. प्रत्येकाला हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं एस्टिमेट आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. इथल्या सोशल वर्कर मॅडमनी कागद लावायला मदत केली, नाहीतर आम्ही अजून झेरॉक्सच्या दुकानात उभे असतो. बंड्याच्या मालकांनी मोठी रक्कम दिली आणि कधी फेडायची ते बोलले नाहीत. यार्डातल्या हमाल-तोलाईदारांनी पावती न करता डबा फिरवला. डब्यातल्या नोटा हळदीनं पिवळ्या झालेल्या, बँकेतला मुलगा मोजताना हात झटकत होता. एका ऑनलाइन मदतवाल्यांनी सांगितलं, रडतानाचा फोटो द्या, नळी दिसू दे, त्यानं पैसे भरभर जमतात. सूनबाईनं नळी असलेलाच दिला, पण हसतानाचा. "ती रडकी नाही," म्हणाली. ते म्हणाले, बघा, उशीर लागेल. उशीर लागला. लागू दे म्हणाली. अजून थोडं कमी आहे, पण तू जे पाठवलंस ते पुरे. आणखी पाठवलंस तर मी परत करीन आणि बँक कमिशन तुझ्या डोक्यावर.

ही खोली हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे. नंतर तीन महिने तरी इथंच राहायचं, तपासण्या सुरू असतात. खोलीचे नियम ऐक: पाणी उकळून, कच्चं काही नाही, कुंड्या नाहीत, फुलं नाहीत, भिंतीला ओल नको, आणि कबुतरं तर अजिबात नकोत. पुण्यात कबुतरं नसलेली खिडकी शोधून दाखव! शेवटी जाळी मारून घेतली. मजल्यावर पाच खोल्या, सगळ्या ट्रान्सप्लांटच्या. नांदेडच्या एक आजी आहेत, बीडचं एक जोडपं आहे, एक सोलापूरचे मास्तर. संध्याकाळी ओट्यावर "तुमची लेव्हल किती आली?" अशी चौकशी चालते, आपण पूर्वी भिशीत चांदीचा भाव विचारायचो तशा सुरात. लेव्हल म्हणजे टॅक्रोलिमसची. नवं लिव्हर शरीरानं परकं मानून नाकारू नये म्हणून ते औषध, बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून, जन्मभर. रक्तातलं प्रमाण कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर किडनीला त्रास. ते औषध जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून निघालं, १९८४ला. कासाई जपानचे, मातीही जपानची. आमच्या देवघरात आता एखादा जपानी देव बसवावा म्हणते.

डॉक्टर म्हणतात, शंभरातली नव्वदहून जास्त मुलं वर्षानंतर छान असतात. शाळेत जातात, खेळतात. कावीळ काही दिवसांतच उतरते, खाज थांबते. मला आत्ता शाळा वगैरे दिसत नाही. मला फक्त तिनं रात्रभर न खाजवता झोपलेलं बघायचंय.

आता तुझ्यासाठी काम. एक, टेडी पाठवू नकोस. मऊ खेळणी चालत नाहीत, धूळ धरतात. पाठवायचंच तर धुता येईल असं काही. दोन, मंगळवारी मला फोन करू नकोस, मी करीन. बाकी दिवशी आमचे दुपारचे तीन बरे, तुझे साडेसात होतात, तोवर तुझं जेवण व्हायचं असतं आणि इथं सगळे आडवे झालेले असतात.

तीन, सूनबाईचे प्रश्न. डॉक्टरांना विचारायला तिला संकोच वाटतो, कारण ते औषधाचे नाहीत. तुमच्याकडे १९८०च्या दशकात ट्रान्सप्लांट झालेली मुलं आता चाळिशीला आली असतील, त्यांच्या आया आता आपल्याएवढ्या. देवळात, ग्रंथालयात, तुझ्या त्या चालायच्या ग्रुपमध्ये कुणी भेटली तर विचार: शाळेत सकाळच्या डोसची वेळ चुकू नये म्हणून काय करायच्या? वर्गात कांजिण्या आल्या की मुलाला किती दिवस घरी ठेवायच्या? दुसऱ्याच्या वाढदिवसाला पाठवायच्या का, की डबा देऊन पाठवायच्या? पोटावरच्या व्रणाचं मुलाला काय सांगितलं, आणि कितव्या वर्षी? आणि पुढे तापानं अंग गरम लागलं की त्यांचा हात अजून थरथरतो का, हे शेवटचं तिनं लिहून पुन्हा खोडलं होतं, पण मला वाचता आलं, म्हणून विचारतेय.

उत्तरं इंग्रजीतच पाठव, ती वाचते. मला मात्र मराठीत लिही, आणि हातानं लिही. तुझं अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायांचं आहे का ते बघायचंय.

तुझी,
मंगी

ता. क. मावशींना पुण्याला बोलावलंय, तीन महिन्यांनंतर. मालिश चालेल का ते डॉक्टरांना विचारायचंय. मावशी म्हणतात, मालिश नाही तर नाही, लंगोट बघायला तरी येते.